अडुसष्ट सॅक कुणाच्या नावावर?

अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्स या संघाच्या २०२४ च्या हंगामाचा निकाल बऱ्याच जणांनी हंगाम संपायच्या आतच लावून टाकला होता. पोरगा चेंडू फार वेळ धरून ठेवतो, म्हणून मार खातो. क्वार्टरबॅक खरोखर मोठा असेल तर तो वाईट संघातूनही वाट काढतो. प्ले-कॉलिंगच्या नावानं ओरडणं ही निव्वळ सबब आहे. टीव्हीवरच्या माजी खेळाडूंनी हे म्हटलं, रेडिओला फोन करणाऱ्यांनी म्हटलं, आणि शिकागोच्या उपनगरांत रविवारी दुपारी पोह्यांच्या बशा घेऊन मॅच बघणाऱ्या आपल्या मराठी घरांतही म्हटलं गेलं. मला हे मत चुकीचं वाटतं आणि अन्यायाचंही, कारण त्यात ज्यांनी निर्णय घेतले ते सगळे सुटतात आणि ज्यानं मार खाल्ला तोच आरोपी ठरतो.

आधी घडलं काय ते बघू. केलेब विल्यम्स हा युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा क्वार्टरबॅक, २०२२ चा हाइझमन ट्रॉफीविजेता. एप्रिल २०२४ च्या ड्राफ्टमध्ये बेअर्सनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्याला जागा करून द्यायला जस्टिन फील्ड्सची आधीच पिट्सबर्गला रवानगी झाली होती. डी. जे. मूर संघात होताच, कीनन ॲलन आणला, नवव्या क्रमांकावर रोम ओडुंझे घेतला. चेंडू झेलणाऱ्यांची एवढी भक्कम फळी शिकागोत कितीतरी वर्षांनी दिसत होती. हंगाम संपला तेव्हा १७ सामन्यांत ५ विजय आणि १२ पराभव होते, त्यातले १० पराभव सलग. एकूण यार्डांच्या हिशेबात ३२ संघांत शेवटचा नंबर. आणि विल्यम्स ६८ वेळा सॅक झालेला, म्हणजे चेंडू फेकायच्या आधीच आडवा पाडला गेलेला. एका हंगामात याहून जास्त मार खाल्लेले क्वार्टरबॅक लीगच्या इतिहासात दोनच आहेत: १९८६ चा फिलाडेल्फियाचा रँडल कनिंगहॅम, ७२ वेळा, आणि २००२ चा ह्यूस्टनचा डेव्हिड कार, ७६ वेळा.

ज्यांचा या खेळाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण सगळा वाद तिच्यावर उभा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, आणि प्रत्येक प्रयत्न ही आधी आखलेली चाल असते. ती चाल क्वार्टरबॅक निवडत नाही. मैदानाच्या कडेला किंवा वर काचेच्या खोलीत बसलेला प्ले-कॉलर ती निवडतो आणि रेडिओवरून ती क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये पोचते. घड्याळावर ४० सेकंद असतात, आणि १५ उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. मग क्वार्टरबॅकनं हडलमध्ये दहा जणांना ती चाल सांगायची, रेषेवर यायचं, समोरचा डिफेन्स वाचायचा, कोण अंगावर येईल याचा अंदाज घेऊन बचावाची मांडणी बदलायची आणि स्नॅप घ्यायचा. त्यानंतर त्याच्या हाती साधारण अडीच सेकंद असतात, आणि तेही दोन टॅकल, दोन गार्ड आणि एक सेंटर या पाच जणांच्या लाइननं समोरच्यांना थोपवून धरलं तर. त्या अडीच सेकंदांत त्याची चूक कोणती आणि इतरांची कोणती हे सोफ्यावरून चटकन कळत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे दिसतो फक्त तो एकटा, आडवा पडलेला.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो. सॅक हा क्वार्टरबॅकचाच आकडा असतो, असं हल्ली अनेक अभ्यासक मानतात, आणि त्यात तथ्य आहे. झटपट चेंडू सोडणारा क्वार्टरबॅक कच्च्या लाइनमागेही कमी वेळा पडतो. विल्यम्सला कॉलेजात पळत राहून खेळ लांबवायची सवय लागली होती, तिथे ती फळलीही. शिकागोत पहिल्या वर्षी तो कित्येकदा मागे मागे सरकत थेट सॅकमध्ये गेला. हे फिल्मवर दिसतं आणि मी ते नाकारत नाही. बरं, ६८ पैकी एक तृतीयांश सरसकट त्याच्या नावावर लिहू. उरतात ४५. लीगमधल्या बहुतेक क्वार्टरबॅकना अख्ख्या हंगामात तेवढे होत नाहीत. त्यांचा जाब कुणाला विचारायचा?

शिवाय त्याच हंगामातला दुसरा एक आकडा टीकाकार बाजूला ठेवतात. विल्यम्सनं ५६२ पास फेकले, ३,५४१ यार्ड काढले, २० टचडाउन दिले, आणि इंटरसेप्शन फक्त ६. आठवडेच्या आठवडे त्याचा एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला नाही. म्हणूनच तर तो चेंडू धरून बसतो, हे त्यावरचं तयार उत्तर. पण डिफेन्स वाचता न येणारा, गांगरलेला नवखा क्वार्टरबॅक चेंडू धरूनही बसतो आणि शेवटी घाबरून समोरच्याच्या हातातही देतो. दर आठवड्याला जमिनीवर आपटला जात असताना १७ सामन्यांत सहाच इंटरसेप्शन देणाऱ्याला खेळ कळत नाही म्हणणं मला पटत नाही.

लाइनकडे येऊ. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये बेअर्सकडे निवडी थोड्या होत्या. पहिल्या दोन क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरवर गेल्या, ते समजण्यासारखं आहे. तिसऱ्या फेरीत येलचा टॅकल घेतला, तो दुखापतीतून उठत होता. चौथ्या फेरीत घेतला पंटर. पंटर म्हणजे ऑफेन्सचं काही चाललं नाही की चेंडू लाथेनं दूर पाठवायला येणारा खेळाडू. टोरी टेलर आपल्या कामात चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण कोट्यवधी डॉलरचा क्वार्टरबॅक आणल्यावर त्याच्यासमोर गार्ड किंवा सेंटर म्हणून कोण उभं राहणार, हा प्रश्न त्या निवडीच्या वेळी खोलीत कुणी विचारला होता का? मधल्या जागांवर स्वस्तात आणलेले किंवा दुखापतींना सरावलेले खेळाडू होते. उजव्या गार्डच्या जागेसाठी आदल्या वर्षी मोठा करार करून आणलेल्या नेट डेव्हिसला नोव्हेंबरात सोडूनच द्यावं लागलं.

१० नोव्हेंबरला सोल्जर फील्डवर न्यू इंग्लंड पेट्रियट्स आले. तोवर त्यांनी हंगामात जेमतेम दोन सामने जिंकले होते. बेअर्सचे नेहमीचे दोन्ही टॅकल दुखापतीमुळे बाहेर. दोन्ही कडा राखीव खेळाडूंच्या हाती असताना काय करतात, हे शाळेच्या कोचलाही माहीत असतं: धावता खेळ वाढवायचा, चेंडू झटकन सोडायला लावणारे छोटे पास द्यायचे, टाइट एंडला टॅकलच्या मदतीला ठेवायचं. त्या दिवशी विल्यम्स ९ वेळा सॅक झाला. अख्ख्या संघाचे मिळून १४२ यार्ड. निकाल १९–३. आदल्याच रविवारी ॲरिझोनात २९–९ नं हरताना तो ६ वेळा पडला होता. दोन सामन्यांत एकही टचडाउन नाही. दोन दिवसांनी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रनला काढलं.

वॉल्ड्रनच्या प्ले-कॉलिंगमधल्या दोन चाली मला विसरता येत नाहीत. पहिली २२ सप्टेंबरची, इंडियानापोलिसमधली. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोललाइन एका यार्डावर. सरळ मध्यातून घुसायचं सोडून ऑप्शन बोलावला. म्हणजे क्वार्टरबॅकनं कडेला पळत जायचं आणि वेळ आली की चेंडू मागच्या रनिंग बॅककडे टाकायचा. डिआंड्रे स्विफ्टला चेंडू मिळाला तेव्हा समोर मोकळी जागाच नव्हती. एक यार्ड हवा होता, १२ यार्ड गेले. बेअर्स तो सामना २१–१६ नं हरले, आणि कारकिर्दीतला तिसराच सामना खेळणाऱ्या विल्यम्सला त्यात ५२ पास फेकावे लागले.

दुसरी २७ ऑक्टोबरची, वॉशिंग्टनमधली. तो सामना सगळ्यांना शेवटच्या क्षणी वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सनं फेकलेल्या हेल मेरीमुळे, म्हणजे नशिबावर हवाला ठेवून टाकलेल्या लांब पासमुळे आठवतो, आणि त्या वेळी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या बेअर्सच्या टायरीक स्टीव्हनसनमुळे. माझ्या लेखी त्याच्या काही मिनिटं आधीची चाल जास्त महत्त्वाची आहे. चौथा क्वार्टर, बेअर्स १२–७ नं मागे, चेंडू पुन्हा एक यार्डावर. मैदानात स्विफ्ट आहे, रोशॉन जॉन्सन आहे, स्वतः विल्यम्स पळू शकतो. आणि चेंडू कुणाच्या हातात द्यायचा ठरतं, तर डग क्रेमरच्या. क्रेमर हा राखीव सेंटर. चेंडू घेऊन पळणं हे त्याचं काम नाही, एरवी ते त्याच्या वाट्याला येतही नाही. विल्यम्सनं चेंडू त्याच्या पोटाशी दिला, तो हातात बसलाच नाही, खाली पडला, आणि वॉशिंग्टननं उचलला. नंतर बेअर्सनं आघाडी घेतलीही, पण सामना १८–१५ नं गेला. त्या एका यार्डावर टचडाउन झालं असतं तर हेल मेरी मुळात फेकावी लागली असती का, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा. तोवर ४ विजय आणि २ पराभव असलेला संघ त्या संध्याकाळनंतर जिंकायचंच विसरला. त्या हंगामाच्या चर्चेत क्रेमरचा फंबल आणि विल्यम्सचे सॅक एकाच ढिगात टाकले जातात, हे मला फार खटकतं. विल्यम्सनं तो प्ले मागितला नव्हता. हेल्मेटमध्ये आला तो त्यानं खेळला.

पण इथे मला वॉल्ड्रनचीही बाजू घ्यायची आहे. त्याला काढलं आणि प्रश्न मिटला, असं मानणारा दुसरा एक गट आहे, आणि तोही तितकाच चुकतो. हाच वॉल्ड्रन २०२२ मध्ये सिॲटलला होता तेव्हा सगळ्यांनी मोडीत काढलेला जीनो स्मिथ वर्षातला सर्वोत्तम पुनरागमन करणारा खेळाडू ठरला. प्ले-कॉलिंग ही एका डोक्यातून निघणारी जादू नसते. तिला जुळणारी लाइन लागते, सराव लागतो, आणि वर बसलेल्या हेड कोचचा ऑफेन्सबद्दल स्वतःचा काही विचार लागतो.

वॉल्ड्रननंतर थॉमस ब्राउननं चाली द्यायला घेतल्या. पुढचे तीन सामने ग्रीन बे, मिनेसोटा आणि डेट्रॉइट अशा तगड्या संघांशी होते. बेअर्स २०–१९, ३०–२७ आणि २३–२० असे हरले, तिन्ही मिळून सात गुणांनी. विल्यम्सनं या तीन सामन्यांत पाच टचडाउन पास दिले आणि एकही इंटरसेप्शन दिला नाही. रिसीव्हर तेच, पोरगा तोच. चेंडू लवकर सोडायला लावणाऱ्या चाली आल्या आणि ऑफेन्स हलायला लागलं. प्ले-कॉलिंगचा मुद्दा सबब असता तर हे तीन सामने कुठून आले?

त्यातला डेट्रॉइटचा शेवट जवळून बघण्यासारखा आहे. २८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग, सगळी अमेरिका जेवणाच्या टेबलाशी बसून बघत असलेला सामना. अर्ध्या वेळेला बेअर्स १६–० नं मागे. दुसऱ्या अर्ध्यात विल्यम्सनं तीन टचडाउन देऊन फरक तीन गुणांवर आणला. शेवटच्या मिनिटात चेंडू फील्ड गोलच्या टप्प्यात आला. मग लाइनमनच्या चुकीची दहा यार्डांची पेनल्टी, आणि पाठोपाठ सॅक. चेंडू डेट्रॉइटच्या ४१ यार्डांवर, घड्याळात साधारण अर्धं मिनिट, आणि हातात एक टाइमआउट शिल्लक. तो घेतला असता तर आणखी एक छोटा पास आणि मग बरोबरी साधणारी किक, एवढं सहज बसत होतं. घड्याळ चालत राहिलं. खेळाडू रेषेकडे परतत होते, विल्यम्स हातवारे करत सगळ्यांना जागेवर लावत होता. वीस सेकंद गेले, पंधरा, दहा. कडेला हेड कोच मॅट एबरफ्लूस उभा होता आणि टाइमआउट त्याच्याकडेच राहिला. सहा सेकंद असताना स्नॅप झाला, आता लांब फेकण्याशिवाय इलाज नव्हता, आणि ओडुंझेकडे गेलेला चेंडू जमिनीवर पडला तेव्हा वेळ संपली होती. आपण योग्य तेच केलं, असं एबरफ्लूसनं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. शतकाहून जुन्या या संघानं हंगामाच्या मध्यात हेड कोच काढण्याची ती पहिली वेळ.

हातवारे करणाऱ्या त्या पोरानंच टाइमआउट मागायला हवा होता, असं म्हणणारेही मी ऐकले. नियमानं तो मागू शकतो. पण बारावा सामना खेळणाऱ्या नवख्यानं हेड कोचच्या डोक्यात काय आहे याचा अंदाज घेऊन त्याचा निर्णय आपल्या हातात घ्यायचा, अशी अपेक्षा ठेवायची तर हेड कोच कशासाठी ठेवलाय?

मग ब्राउनलाच हंगामी हेड कोच केलं. १७ दिवसांत त्याचं हे तिसरं पद. चाली द्यायच्या, डिफेन्सकडे बघायचं, पत्रकारांना सामोरं जायचं, घड्याळ सांभाळायचं, सगळं एकट्यानं. सान फ्रान्सिस्कोनं ३८–१३ नं हरवलं आणि ऑफेन्स पुन्हा होतं तिथे गेलं. नवख्या क्वार्टरबॅकच्या पहिल्याच वर्षी त्याला दोन प्ले-कॉलर आणि दोन हेड कोच बघावे लागले.

हे अपघातानं झालं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. शिकागोत हे तिसऱ्यांदा झालं. २०१७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्की घेतला तेव्हा हेड कोच जॉन फॉक्सची खुर्ची आधीच डळमळत होती. ट्रुबिस्कीचं पहिलं वर्ष संपलं आणि फॉक्स गेला. २०२१ मध्ये अकराव्या क्रमांकावर फील्ड्स घेतला तेव्हा मॅट नॅगीची तीच अवस्था होती. फील्ड्सचं पहिलं वर्ष संपलं आणि नॅगी गेला. त्या फील्ड्सनं सुरुवातीपासून खेळलेला पहिला सामना आठवा: क्लीव्हलंडमध्ये ९ सॅक, आणि सॅकमधलं नुकसान वजा जाता संघाचा पासिंगचा निव्वळ आकडा एक यार्ड. २०२४ च्या जानेवारीत एबरफ्लूसच्या नावावर दोन वर्षांत १० विजय आणि २४ पराभव होते. पहिल्या क्रमांकाची निवड हातात आहे, क्वार्टरबॅक येणार हे दिसतंय, आणि तरी मालकांनी आणि जनरल मॅनेजर रायन पोल्सनं डिफेन्समधून आलेला, नोकरी टांगणीला लागलेला तोच कोच कायम ठेवला. घर सोडायच्या बेतातला भाडेकरू भिंतींना रंग काढत बसत नाही. पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो या रविवारपुरतं बघतो. पोराला तिसऱ्या वर्षी उपयोगी पडेल असं काही शिकवण्यात त्याचा वेळ जात नाही, आणि त्याचा कोऑर्डिनेटरही तसाच वागतो.

ट्रुबिस्कीच्याच ड्राफ्टमध्ये पॅट्रिक माहोम्स दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीला गेला. तिथे अँडी रीड होता, ज्याला उद्याची चिंता नव्हती. पहिलं जवळजवळ पूर्ण वर्ष माहोम्स ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला. तो शिकागोत आला असता तर काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही. पण पहिल्या वर्षी त्याला कुणी नऊ वेळा आडवा केला नाही, एवढं नक्की.

याहून थेट उदाहरण जॅरेड गॉफचं. तोही २०१६ चा पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक, रॅम्सचा. त्या वर्षी तो सात सामने सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला. हेड कोच जेफ फिशर हंगाम संपायच्या आत गेला. गॉफ फुकट गेला, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जात होतं. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे आला, डाव्या कडेला अँड्र्यू व्हिटवर्थसारखा अनुभवी टॅकल आला, सेंटर नवा आला, रिसीव्हर नवे आले. २०१६ मध्ये लीगमध्ये सर्वांत कमी, २२४ गुण केलेल्या रॅम्सनी २०१७ मध्ये सर्वांत जास्त, ४७८ गुण केले. क्वार्टरबॅकच्या जागी गॉफच होता.

आपल्याकडे या वादात हटकून सचिन निघतो. नव्वदच्या दशकात तो एकटा लढला ना, मग यानं का नाही? या तुलनेत मोठी गफलत आहे. गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू थेट सचिनच्या बॅटकडे यायचा, त्याच्या आणि चेंडूच्या मधे कुणी नसायचं. समोरच्या टोकाचा भिडू कितीही कच्चा असला तरी त्यामुळे सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह बिघडत नव्हता. क्वार्टरबॅकचा हात वर जायच्या आधी डावा टॅकल घसरला तर फेक होतच नाही. आणि उदाहरण म्हणून जो सामना हमखास काढला जातो, जानेवारी १९९९ चा चेन्नईचा, पाकिस्तानविरुद्धचा, त्याचा निकाल काय होता? सचिनच्या १३६ धावा, पाठीच्या दुखण्यासकट, आणि भारत १२ धावांनी हरला. तो बाद झाल्यावर उरलेले तिघं चार धावांत गेले. त्या पराभवाचा दोष सचिनला देणाऱ्यांनीच विल्यम्सला दोष द्यावा.

आणि आता २०२५. जानेवारीत बेअर्सनं डेट्रॉइटचा प्ले-कॉलर बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आणला. चाली तो स्वतः देतो. पोल्सनं, उशिरा का होईना, लाइनच्या मधल्या तिन्ही जागा बदलल्या: कॅन्सस सिटीहून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाहून सेंटर ड्रू डालमन. धावता खेळ उभा केला, ज्यात स्विफ्टच्या जोडीला सातव्या फेरीत घेतलेला काइल मोनंगाय होता. विल्यम्स ६८ ऐवजी २४ वेळा सॅक झाला. त्यानं ३,९४२ यार्ड काढून एरिक क्रेमरचा १९९५ पासूनचा, संघाचा एका हंगामातल्या पासिंग यार्डांचा विक्रम मोडला, २७ टचडाउन दिले. बेअर्सनं ११ सामने जिंकले, विभागाचं विजेतेपद मिळवलं, आणि प्लेऑफमध्ये अर्ध्या वेळेला २१–३ नं मागे असताना ग्रीन बेला ३१–२७ नं हरवलं. पुढच्या फेरीत रॅम्सशी ओव्हरटाइममध्ये हरले.

यावर टीकाकारांचं उत्तर ठरलेलं आहे: दुसऱ्या वर्षी तो सुधारला, त्यात काय विशेष. सुधारला, थोडाफार. पण त्याच्या पूर्ण झालेल्या पासची टक्केवारी पहिल्या वर्षी ६२.५ होती आणि दुसऱ्या वर्षी ५८.१ वर आली. पोरगा आतून बदलल्यामुळे संघ बदलला असता तर हा आकडा वर गेला असता, तो तर खाली आला. मैदानात तो अजूनही पळतो, अजूनही चेंडू धरून खेळ लांबवतो. ती सवय मोडलेली नाही, आणि तरी सॅक ४४ नं कमी झाले. मग ते ४४ कुणाचे होते? समोरच्या पाच जणांचे, त्यांना निवडणाऱ्यांचे आणि चाली देणाऱ्यांचे. याहून स्वच्छ पुरावा कुणाला हवा असेल तर तो कसा असेल ते त्यांनी सांगावं.

विल्यम्सवर टीका करायचीच असेल तर ती ५८.१ वर करा. जॉन्सननं हंगामाआधी ७० टक्क्यांचं लक्ष्य सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि विल्यम्स त्याच्या जवळपासही गेला नाही. पाच-सात यार्डांवर मोकळा उभा असलेला रिसीव्हर दिसतोय, लाइननं वेळ दिलाय, प्ले बरोबर आलाय, आणि पाय न रोवताच हात फिरवल्यामुळे चेंडू त्याच्या गुडघ्याशी किंवा डोक्यावरून जातोय, असं २०२५ मध्येही दिसलं. तिथे थूनी त्याला वाचवू शकत नाही आणि जॉन्सन त्याच्याऐवजी चेंडू फेकू शकत नाही. या एका मुद्द्यावर मी टीकाकारांच्या बरोबर आहे.